उसन्या तासाचे व्याज

अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी पहाटे दोन वाजता घड्याळे थेट तीनवर नेली जातात. मधला एक तास त्या दिवसापुरता नाहीसाच होतो. न्यू जर्सी किंवा बोस्टनमधल्या मुला-नातवंडांशी बोलणाऱ्या मराठी घरांना हा दिवस चांगला ठाऊक असतो, कारण न्यूयॉर्क आणि भारत यांच्या वेळांमधले साडेदहा तासांचे अंतर त्या दिवसापासून साडेनऊ तासांवर येते. युरोपातली घड्याळे मात्र मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढे जातात. तेव्हा लंडन आपल्यापेक्षा साडेपाच तासांऐवजी साडेचार तास मागे राहते. मधल्या दोन-तीन आठवड्यांत तिन्ही खंडांतल्या लोकांच्या बैठका जुळवणाऱ्या कचेऱ्यांची तारांबळ उडते.

हा तास कायमचा जात नाही. युरोपात ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी आणि अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तो परत मिळतो. म्हणजे व्यवहार उसनवारीचा आहे. पण कोणतीही उसनवारी फुकट नसते. या तासाचे व्याज कोण भरते आणि किती, याचा हिशेब गेली काही वर्षे हृदयरोगतज्ज्ञ, झोपेचे अभ्यासक आणि अपघातांच्या आकडेवारीत डोके घालणारे संशोधक मांडत आहेत. जागतिक निद्रा दिन वसंतसंपाताच्या आधीच्या शुक्रवारी पाळला जातो. त्यामुळे अमेरिकेतल्या लोकांनी झोपेचा एक तास गमावला की त्याच आठवड्यात तो येतो. निमित्त चांगले आहे. शिवाय हा प्रश्न वाटतो तितका परका नाही. महाराष्ट्रातल्या घड्याळाशीही त्याचा संबंध आहे.

कीटकशास्त्रज्ञ, बिल्डर आणि महायुद्ध

घड्याळ पुढे करण्याची कल्पना बेंजामिन फ्रँकलिनची, असे अनेकदा सांगितले जाते. ते खरे नाही. फ्रँकलिनने १७८४ साली पॅरिसच्या वृत्तपत्रात एक विनोदी पत्र लिहिले होते. लोकांनी लवकर उठून मेणबत्त्या वाचवाव्यात, एवढाच त्याचा सूर होता. घड्याळाला हात लावण्याची सूचना त्यात नव्हती.

ती सूचना प्रथम केली न्यूझीलंडच्या जॉर्ज हडसन यांनी, १८९५ साली. हडसन टपाल खात्यात नोकरी करत आणि उरलेल्या वेळात किडे गोळा करत. संध्याकाळी कामावरून सुटल्यावर कीटक शोधायला उजेड मिळावा म्हणून उन्हाळ्यात घड्याळे दोन तास पुढे करावीत, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे १९०७ साली विल्यम विलेट या इंग्लिश बांधकाम व्यावसायिकाने एक पुस्तिका काढून हीच मागणी वेगळ्या पद्धतीने मांडली. एप्रिलमधल्या चार रविवारी वीस-वीस मिनिटे, म्हणजे एकूण ८० मिनिटे घड्याळ पुढे करायचे आणि सप्टेंबरमध्ये तसेच टप्प्याटप्प्याने मागे आणायचे. एकदम तासभर उडी मारण्यापेक्षा ही सूचना शरीराला कितीतरी सोसण्याजोगी होती. पण ती कोणी मनावर घेतली नाही आणि १९१५ साली विलेट निवर्तले.

त्यानंतर वर्षभरातच पहिल्या महायुद्धाने हे काम केले. कोळसा वाचवण्यासाठी जर्मनीने ३० एप्रिल १९१६ रोजी घड्याळे पुढे केली आणि तीन आठवड्यांनी ब्रिटननेही तेच केले. अमेरिका १९१८ मध्ये सामील झाली. ही सोय शेतकऱ्यांसाठी झाली असा एक समज आहे, पण अमेरिकेत तिला सर्वात कडवा विरोध शेतकऱ्यांनीच केला होता. गाय घड्याळ पाहून दूध देत नाही आणि गवतावरचे दव घड्याळ पाहून सुकत नाही. त्यांच्या दबावामुळे १९१९ मध्ये तिथला कायदा रद्दही झाला. दुसऱ्या महायुद्धात घड्याळे पुन्हा पुढे गेली. १९४२ ते १९४५ या काळात भारतातही प्रमाणवेळ एक तास पुढे होती.

वीज वाचते हा दावा मात्र काळाच्या ओघात ढिला पडला. अमेरिकेच्या इंडियाना राज्यात २००६ पर्यंत बहुतेक जिल्हे घड्याळ बदलत नसत. त्या वर्षी सगळ्या राज्याला ते लागू झाल्यावर संशोधकांनी आधीची आणि नंतरची वीजबिले ताडून पाहिली. घरगुती वापर सुमारे एक टक्क्याने वाढला होता. दिव्यांची वीज थोडी वाचली, पण उन्हाळी संध्याकाळी लोक लवकर घरी आले आणि एअर कंडिशनर जास्त वेळ चालले.

लाजाळूचे कपाट

शरीराला एका तासाचा त्रास का व्हावा हे समजण्यासाठी १७२९ सालच्या एका साध्या प्रयोगाकडे जावे लागते. लाजाळूची पाने दिवसा उघडतात आणि रात्री मिटतात. ज्याँ-जाक द मेराँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने हे रोप अंधाऱ्या जागी ठेवले. ऊन दिसत नसतानाही पाने सकाळी उघडत राहिली आणि संध्याकाळी मिटत राहिली. म्हणजे वेळ सांगणारे काहीतरी त्या रोपाच्या आतच होते.

तसे घड्याळ आपल्या आतही आहे. मेंदूच्या तळाशी, डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर, सुमारे २० हजार पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. शास्त्रीय नाव सुप्राकायझ्मॅटिक न्यूक्लियस. शरीराचे तापमान कधी उतरायचे, कॉर्टिसोल कधी वाढायचे, झोपेची चाहूल देणारे मेलाटोनिन कधी स्रवायचे, हे सगळे त्याच्या तालावर चालते. यकृत, स्वादुपिंड, हृदय यांच्या पेशींमध्येही आपापली घड्याळे असतात आणि ती या मुख्य घड्याळाशी जुळवून घेत असतात. पेशींमधले हे घड्याळ जनुकांच्या पातळीवर कसे चालते हे उलगडल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रोझबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ साली वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांनी प्रयोग केले ते फळांवर घोंघावणाऱ्या चिलटांवर.

या घड्याळाची एक खोड आहे. माणसामध्ये त्याचा फेरा सरासरी २४ तासांपेक्षा दहा-बारा मिनिटांनी मोठा असतो. त्याला मोकळे सोडले तर ते रोज थोडे मागे पडत जाईल. त्याला रोज जागेवर आणण्याचे काम प्रकाश करतो, आणि तोही मुख्यतः सकाळचा. डोळ्यांच्या पडद्यात काही खास पेशी असतात. आपण काय पाहतो याच्याशी त्यांचा फारसा संबंध नाही. बाहेर उजेड किती आहे एवढेच त्या मेंदूला कळवतात. सकाळचा उजेड आतले घड्याळ पुढे ओढतो. संध्याकाळचा आणि रात्रीचा उजेड ते मागे ढकलतो.

आता मार्चमधला तो सोमवार पाहा. भिंतीवरचे घड्याळ एक तास पुढे गेले आहे. सात वाजता उठणारा माणूस सूर्याच्या हिशेबाने सहालाच उठतो आहे. सकाळचा उजेड, जो त्याला नव्या वेळेशी जुळवून घ्यायला मदत करेल, तासाने लांबला आहे. संध्याकाळचा उजेड, जो त्याची झोप आणखी उशिरा ढकलेल, तासाने वाढला आहे. म्हणजे घड्याळ एका दिशेला आणि प्रकाश दुसऱ्या दिशेला ओढतो. कोंबडे झाकून ठेवले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, अशी आपल्याकडे म्हण आहे. कायदा करून तांबडे लवकरही फुटत नाही.

सोमवारचा हिशेब

या ओढाताणीचे परिणाम मोजणे सोपे आहे, कारण एकाच दिवशी कोट्यवधी माणसांवर एकच प्रयोग होतो.

स्वीडनमधल्या संशोधकांनी १९८७ ते २००६ या काळातल्या हृदयविकाराच्या नोंदी तपासल्या. मार्चमध्ये घड्याळ पुढे गेल्यानंतरच्या आठवड्यात झटक्यांचे प्रमाण सुमारे पाच टक्क्यांनी जास्त आढळले. २००८ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये ही नोंद प्रसिद्ध झाली आणि या विषयाकडे डॉक्टरांचे लक्ष गेले. पुढे २०१४ साली अमेरिकेच्या मिशिगन राज्यातल्या रुग्णालयांची माहिती आली. घड्याळ पुढे गेल्यानंतरच्या सोमवारी झटक्यांचे रुग्ण २४ टक्क्यांनी जास्त होते, तर घड्याळ मागे आल्यानंतरच्या मंगळवारी २१ टक्क्यांनी कमी.

हे आकडे घाबरवणारे वाटतात, म्हणून त्यांची दुसरी बाजूही सांगायला हवी. मिशिगनच्या त्या संपूर्ण आठवड्याची बेरीज केली तर एकूण रुग्ण वाढलेले नव्हते. ज्यांचे हृदय आधीच अडचणीत होते त्यांचा झटका दोन-चार दिवस अलीकडे आला, असा त्याचा अर्थ. अलीकडच्या एका मोठ्या अमेरिकी पाहणीत तर असा ठळक फरक दिसलाच नाही. तेव्हा निरोगी माणसाचे हृदय एका तासाने बंद पडत नाही. पण झटके एरवीही सकाळच्या वेळी जास्त येतात, कारण उठताना रक्तदाब चढतो आणि रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढलेली असते. त्यात अपुऱ्या झोपेची भर पडली तर काठावरच्या माणसाला तेवढा धक्का पुरतो. हृदयरुग्णांनी या आठवड्यात जपावे असे डॉक्टर सांगतात ते यासाठी.

रस्त्यांवरचा पुरावा अधिक भक्कम आहे. अमेरिकेतल्या १९९६ ते २०१७ या काळातल्या सात लाखांहून अधिक जीवघेण्या अपघातांचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. मार्चमधल्या बदलानंतरच्या कामाच्या आठवड्यात असे अपघात सुमारे सहा टक्क्यांनी वाढतात, असे त्यात दिसले. आपापल्या कालविभागाच्या पश्चिम टोकाला राहणाऱ्यांमध्ये ही वाढ आणखी जास्त होती. खाणकामगारांचीही अशीच पाहणी झाली आहे. त्या सोमवारी खाणींमध्ये जखमी होणाऱ्यांची संख्या पावणेसहा टक्क्यांनी वाढली. जखमा जास्त गंभीर होत्या, त्यामुळे वाया गेलेले कामाचे दिवस दोन-तृतीयांशाने वाढले. त्याच अभ्यासात आणखी एक आकडा आहे. आदल्या रात्री लोक सरासरी ४० मिनिटे कमी झोपले होते. नोव्हेंबरमध्ये तास परत मिळतो तेव्हा मात्र तेवढी जादा झोप कोणी घेत नाही. घेतलेला तास पूर्ण जातो, परत आलेला तास टीव्ही आणि मोबाइलमध्ये विरतो.

कायमची उन्हाळी वेळ? तीन देशांनी करून पाहिले

वर्षातून दोनदा घड्याळ बदलण्याचा लोकांना कंटाळा आला आहे, याबद्दल दुमत नाही. युरोपीय आयोगाने २०१८ मध्ये मते मागवली तेव्हा ४६ लाख लोकांनी उत्तरे पाठवली आणि त्यातल्या ८४ टक्के लोकांना हा प्रकार बंद व्हायला हवा होता. २०१९ मध्ये युरोपीय संसदेने २०२१ पासून तो थांबवण्याच्या बाजूने कौल दिला, पण सदस्य देशांचे आपसात जमले नाही आणि प्रस्ताव तिथेच अडकला. अमेरिकेच्या सिनेटने मार्च २०२२ मध्ये एका विधेयकाला एकमुखाने मंजुरी दिली, पण कनिष्ठ सभागृहाने ते हाती घेतलेच नाही. मेक्सिकोने त्याच वर्षी देशाच्या बहुतेक भागांत घड्याळ बदलणे बंद केले. जगातल्या साधारण एक-तृतीयांश देशांत आज ही प्रथा चालते. जपान, चीन आणि भारत तिच्याबाहेर आहेत.

खरी मेख पुढे आहे. बदल थांबवायचा तर घड्याळ कोणत्या वेळेवर थांबवायचे? राजकारण्यांचा आणि व्यापाऱ्यांचा कल कायमच्या उन्हाळी वेळेकडे असतो. संध्याकाळी उजेड असला की लोक बाहेर पडतात, खरेदी करतात, खेळतात. सिनेटच्या विधेयकातही हेच होते. झोपेचे डॉक्टर मात्र नेमके उलट सांगतात. ‘अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिन’ने २०२० मध्ये आणि ‘अमेरिकन मेडिकल असोसिएशन’ने २०२२ मध्ये कायमची प्रमाणवेळ, म्हणजे हिवाळ्यातलीच वेळ वर्षभर ठेवावी, अशी भूमिका घेतली.

या वादात अंदाज बांधण्याची गरज नाही, कारण तीन मोठ्या देशांनी कायमची उन्हाळी वेळ प्रत्यक्ष वापरून पाहिली आहे. ब्रिटनने १९६८ मध्ये ती सुरू केली. हिवाळ्यात ग्लासगोला सूर्य पावणेदहाच्या सुमारास उगवू लागला. १९७१ मध्ये ब्रिटन जुन्या पद्धतीवर परतले. तेलसंकटाच्या काळात अमेरिकेने जानेवारी १९७४ मध्ये हाच प्रयोग केला. सुरुवातीला लोकांना तो आवडला, पण नव्याचे नऊ दिवस सरले आणि काळोखात शाळेच्या बसची वाट पाहणारी मुले पाहून पालक बिथरले. पाठिंबा काही आठवड्यांत ओसरला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कायदा बदलण्यात आला. रशियाने २०११ मध्ये कायमची उन्हाळी वेळ लागू केली आणि तीनच वर्षांनी, २०१४ मध्ये, ती सोडून कायमची हिवाळी वेळ स्वीकारली.

तीन देशांची व्यवस्था वेगळी, काळ वेगळा, कारणे वेगळी. अडचण मात्र एकच निघाली. हिवाळ्यातल्या काळोख्या सकाळी लोकांना सोसवल्या नाहीत. संध्याकाळचा उजेड हौसेचा असतो. सकाळच्या उजेडाची शरीराला गरज असते.

मुंबईची ३९ मिनिटे

‘आपल्याकडे हे झंझट नाही’ असे म्हणून हा विषय इथेच सोडता आला असता. आपण विषुववृत्ताच्या जवळ असल्याने दिवसाची लांबी वर्षभरात फार बदलत नाही. मुंबईत सर्वात लहान दिवस सुमारे ११ तासांचा आणि सर्वात मोठा सव्वातेरा तासांचा. लंडनमध्ये हेच आकडे पावणेआठ आणि साडेसोळा तासांच्या पुढे जातात. घड्याळ सरकवून वाचवण्याइतका जादा उजेड आपल्याकडे नाहीच.

पण भारतीय प्रमाणवेळ ठरते ती साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावरून, जो मिर्झापूरजवळून जातो. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात. त्यामुळे मुंबईचा सूर्य घड्याळापेक्षा सरासरी ३९ मिनिटे मागे चालतो. तिथे सूर्य माथ्यावर येतो तेव्हा घड्याळात साधारण १२ वाजून ३९ मिनिटे झालेली असतात. कोल्हापुरात हे अंतर ३३ मिनिटांचे आहे, नागपुरात १४ मिनिटांच्या आसपास. एकाच राज्यात, एकाच घड्याळावर, मुंबई आणि नागपूर यांच्यात सूर्याच्या हिशेबाने २५ मिनिटांची तफावत आहे.

ही ३९ मिनिटे मुंबईने सुखासुखी दिलेली नाहीत. १ जानेवारी १९०६ पासून सरकारने भारतीय प्रमाणवेळ लागू केली तेव्हा शहराची स्वतःची ‘मुंबई टाइम’ होती. वंगभंगाच्या विरोधाचे आणि स्वदेशीचे ते दिवस होते. गिरणी कामगारांनी नव्या वेळेला विरोध केला, कारण त्यांच्या दृष्टीने भोंगा आता ३९ मिनिटे आधी वाजणार होता आणि तेवढे आधी अंथरूण सोडावे लागणार होते. फिरोजशहा मेहता यांच्यासारखे पुढारीही विरोधात उभे राहिले. मुंबई महापालिकेने तर स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे जुनी वेळ टिकवून ठेवली होती. त्या विरोधाला राजकीय रंग होता हे खरे, पण कामगारांची तक्रार शरीरशास्त्राच्या दृष्टीने खोटी नव्हती. आजच्या भाषेत सांगायचे तर मुंबईकर बारा महिने ३९ मिनिटांच्या उन्हाळी वेळेवर जगतो.

याने फरक पडतो का? टिल रोनेबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जर्मनीतल्या २१ हजारांहून अधिक लोकांच्या झोपेच्या वेळा तपासल्या. सगळ्यांचे घड्याळ एकच, तरीही पूर्वेकडून पश्चिमेकडे जाताना झोपण्या-उठण्याची नैसर्गिक वेळ प्रत्येक अंशाला चार मिनिटांनी पुढे जात होती. लोक टीव्हीच्या वेळापत्रकाने नव्हे तर आपापल्या सूर्याने झोपत होते. अमेरिकेतल्या एका अभ्यासात, सूर्यास्त एक तास उशिरा होणाऱ्या बाजूला लोक सरासरी १९ मिनिटे कमी झोपतात असे आढळले. झोप लागते सूर्याच्या वेळेवर आणि उठावे लागते कचेरीच्या वेळेवर, त्यामुळे मधली काटछाट झोपेतच होते.

भारतातल्या मुलांबद्दल मौलिक जगनानी या अर्थतज्ज्ञाचा अभ्यास जास्त अस्वस्थ करणारा आहे. सूर्यास्त एक तासाने उशिरा झाला तर मुलांची झोप सुमारे अर्ध्या तासाने घटते, आणि दीर्घकाळात त्याचा परिणाम मुले किती वर्षे शिकतात यावरही होतो, असे त्यांना आढळले. सर्वाधिक फटका गरीब घरांतल्या मुलांना बसतो. ईशान्येकडे प्रश्न उलटा आहे. तिथे सूर्य फार लवकर उगवतो आणि मावळतो, म्हणून आसामच्या चहामळ्यांत प्रमाणवेळेपेक्षा तासभर पुढची ‘बागान टाइम’ चालत आली आहे. राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी २०१८ साली भारतासाठी दोन प्रमाणवेळांचा प्रस्ताव मांडला होता. सरकारने तो मान्य केला नाही. त्यात ईशान्येचा प्रश्न सुटला असता, पश्चिम किनाऱ्याचा नाही. आपल्याकडे उपाय घड्याळात नाही, वेळापत्रकात शोधावा लागेल.

त्या दिशेने एक पाऊल महाराष्ट्रात पडले आहे. पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवावेत, असा शासन निर्णय फेब्रुवारी २०२४ मध्ये निघाला. त्यावरून बरीच चर्चा झाली. शाळांच्या दोन सत्रांची अडचण, बसचे वेळापत्रक, नोकरी करणाऱ्या आई-वडिलांची गैरसोय, हे मुद्दे खोटे नाहीत. पण जानेवारीत मुंबईत सूर्य सव्वासातला उगवतो आणि सातची शाळा गाठणारे मूल काळोखातच घर सोडते, हेही तितकेच खरे. शरीरशास्त्र आणखी एक गोष्ट सांगते. वयात येताना मुलांचे आतले घड्याळ आपोआप उशिरा धावू लागते आणि मेलाटोनिन उशिरा स्रवते. आठवी-नववीतली मुले रात्री लवकर झोपत नाहीत याला मोबाइल कारणीभूत आहेच, पण सगळा दोष मोबाइलचा नाही. उशिरा शाळेची सर्वाधिक गरज ज्यांना आहे, ती मुले या निर्णयात आलेलीच नाहीत.

अमेरिकी कंपन्यांसाठी पुण्या-मुंबईत बसून काम करणाऱ्यांना तर घड्याळ-बदल थेट भोवतो. न्यूयॉर्कच्या सकाळी नऊच्या बैठकीसाठी त्यांना हिवाळ्यात रात्री साडेसातला बसावे लागते, उन्हाळ्यात साडेसहाला. नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कचा माणूस तासभर जास्त झोपतो, तेव्हा इथल्या माणसाचे जेवण आणि झोप तासभर पुढे ढकलली जाते. जे रात्रभर पाळी करतात त्यांची अवस्था याहून कठीण. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रात्रपाळीचे काम कर्करोगाला बहुधा कारणीभूत ठरणाऱ्या घटकांच्या गटात ठेवले आहे. दर काही दिवसांनी पाळी बदलत राहणे हे वर्षभर घड्याळ पुढे-मागे करत राहण्यासारखेच आहे, आणि इथे तास एक नसतो, आठ-आठ असतात.

काय करता येईल

घड्याळ बदलणाऱ्या देशात तुमची माणसे असतील तर त्यांना सांगण्यासारख्या गोष्टी थोड्याच आहेत. बदलाच्या तीन-चार दिवस आधीपासून झोपणे, उठणे आणि जेवणे रोज पंधरा-वीस मिनिटे अलीकडे आणावे, म्हणजे विलेट यांची जुनी युक्ती. रविवारी आणि सोमवारी सकाळी उठल्यावर अर्धा तास तरी बाहेर उजेडात काढावा. दुपारनंतर कॉफी टाळावी. सोमवारी सकाळी लांबचे ड्रायव्हिंग शक्यतो ठेवू नये. हृदयविकार असलेल्यांनी त्या आठवड्यात एकदम नवा, दमवणारा व्यायाम सुरू करू नये आणि छातीत दुखणे, दम लागणे ही लक्षणे ‘झोप झाली नाही’ म्हणून अंगावर काढू नयेत.

दिवसातून एकदा घ्यायच्या बहुतेक गोळ्या एका तासाने पुढे-मागे झाल्या तर बिघडत नाही. इन्सुलिन, फिट्सची आणि पार्किन्सनची औषधे ठराविक अंतराने घ्यावी लागतात, त्यांच्याबाबत आपल्या डॉक्टरांना विचारावे. उन्हाळ्यात मुलांकडे अमेरिकेला निघणाऱ्या ज्येष्ठांच्या बाबतीत तर प्रश्न एका तासाचा नसतो, साडेनऊ ते साडेबारा तासांचा असतो. आतले घड्याळ दिवसाला साधारण एक तास या वेगाने जुळते. त्यामुळे औषधांचे नवे वेळापत्रक निघण्याआधीच डॉक्टरांकडून लिहून घेणे उत्तम.

इथे राहणाऱ्यांसाठी नियम त्याहून साधे आहेत. प्रौढांना किमान सात तास झोप हवी, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास आणि किशोरवयीनांना आठ ते दहा तास. मुलाला सहाला उठवायचे असेल तर नऊपूर्वी निजवावे लागेल. तेही पश्चिम महाराष्ट्रात, जिथे मे महिन्यात सात वाजून गेले तरी उजेड असतो. म्हणून रात्रीचे जेवण लवकर, जेवणानंतर घरातले मोठे दिवे मंद, आणि झोपण्याआधी तासभर स्क्रीन बंद. सकाळी पडदे उघडून मुलांना दूध खिडकीशी किंवा गॅलरीत बसून प्यायला सांगावे. सुट्टीच्या दिवशी उठायची वेळ तासाभरापेक्षा जास्त लांबू देऊ नये. शनिवार-रविवारी दहापर्यंत लोळून सोमवारी सहाला उठणारे मूल दर आठवड्याला आपल्या शरीराचे घड्याळ तीन-चार तास मागे-पुढे करत असते, आणि त्याचे व्याज सोमवारच्या पहिल्या तासाला वर्गात पेंगत फेडत असते.